'सायको' एकदा आवाज बंद करून बघा

काल रात्री दिग्दर्शक हिचकॉकच्या 'सायको'मधला तो शॉवरमधल्या खुनाचा सीन दोनदा पाहिला, एकदा म्यूट करून आणि एकदा आवाज लावून. म्यूटवर फक्त एडिटिंग दिसतं, जबरदस्त एडिटिंग, पण भीती वाटत नाही हो. आवाज लावला आणि इतक्यांदा बघूनही परत काटा आला अंगावर.

आणि हिचकॉकला तिथे म्युझिक नकोच होतं! संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकला पटलं. अख्ख्या पिक्चरला फक्त तंतुवाद्यं, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट तर आवाजही तसाच हवा हा हर्मनचा विचार. आपण याला पार्श्वसंगीत म्हणतो ना, तो शब्दच मला इथे खटकतो, कारण ते मागे कुठे असतं, ते तर सुरी घेऊन समोर उभं असतं.

हर्मन न्यूयॉर्कचा, जन्म १९११. सीबीएस रेडिओवर दिग्दर्शक-अभिनेता ऑर्सन वेल्ससोबत काम केलं आणि पहिलाच पिक्चर कुठला तर 'सिटिझन केन', १९४१. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, आणि आयुष्यभरात तेवढं एकच, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढच्या वर्षी वेल्सचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' स्टुडिओने कापला, त्यात याचं कितीतरी संगीत गेलं, तर याने क्रेडिटमधून स्वतःचं नावच काढायला लावलं. तिशीतला माणूस, करिअर आत्ता कुठे सुरू झालेलं!

तेव्हा हॉलिवूडमध्ये संगीतकार संगीताचा कच्चा आराखडा लिहायचा आणि कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रेटर ठरवायचे. हर्मन ते सगळं स्वतः लिहायचा. मला वाटतं त्याचा हट्ट इथूनच येतो, कारण त्याच्यासाठी वाद्य कुठलं हेच अर्धं संगीत होतं, चाल नंतर. हिचकॉकच्याच 'व्हर्टिगो'ची सुरुवात ऐका, गुणगुणता येईल असं काही नाही, नुसतं गरगरतं.

आणि नेमकं तेच नडलं. हिचकॉकच्या १९६६ च्या 'टॉर्न कर्टन'साठी स्टुडिओला खपेल असं काहीतरी हवं होतं, हिचकॉकनेही तसं सांगितलं होतं, आणि हर्मनने लिहिलं १६ फ्रेंच हॉर्न, १२ बासऱ्या, व्हायोलिन एकही नाही. हिचकॉकने रेकॉर्डिंगच थांबवलं. जवळपास दहा वर्षांची जोडी तिथे तुटली, पुन्हा कधीच एकत्र आले नाहीत. मी यात पूर्णपणे हर्मनच्या बाजूने आहे. ज्याने न विचारता 'सायको' वाचवला त्याच्यावर एवढा तरी विश्वास ठेवायला हवा होता.

नंतर तो लंडनला राहायला गेला. शेवटचं काम स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर'. रेकॉर्डिंग संपवून हॉटेलवर झोपला तो उठलाच नाही, २४ डिसेंबर १९७५, वय ६४. त्यातला तो सॅक्सोफोन आठवतोय? चाल देत नाही म्हणून ज्याचं काम गेलं त्याचीच ती चाल आहे, सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.