धूर पकडाल हो, ठेवाल कुठे?

सकाळी सकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. एकाच कारखान्यात कोळशापासून हायड्रोजनही आणि वीजही, धूर शून्य, कार्बन जमिनीत. खाली लिहिलंय, "मामा, आता तरी कोळशाला विरोध करू नका. जयगड बंदरात कोळसा उतरतोच आहे." डोकंच फिरलं. चहा निवून गेला.

आमची काजूची भट्टी होती, जुन्या मित्रांना आठवत असेल. टरफलांच्या धुराने शेजारच्या काकींचे डोळे चुरचुरायचे. अण्णांनी कर्ज काढून मोठा पंखा आणि पाण्याचे फवारे बसवले. धूर गेला! पहिल्या हंगामाचं विजेचं बिल आलं आणि अण्णा पडवीत नुसते बसून राहिले. काजू तेवढेच, भाव तोच, खर्च मात्र वाढलेला.

मोठ्या कारखान्यांचं तेच. वीजकेंद्राला कार्बन पकडायची यंत्रणा लावली की साधारण पाचवा-चौथा हिस्सा वीज पकडण्यातच जाते. अमेरिकेत केम्परला व्हिडिओतल्यासारखंच करायला गेले होते: कोळशाचा वायू करायचा, ६५ टक्के कार्बन काढायचा, उरलेल्यावर वीज. खर्च सांगितला ३ अब्ज डॉलरच्या आत, गेला ७ अब्जांच्या वर. २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून नैसर्गिक वायूवर आले, २०२१ मध्ये ती यंत्रं सुरुंग लावून पाडली. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा या कार्बन पकडणाऱ्या प्रकल्पाचा कार्बन तेल वर ढकलायला तेलविहिरींत जायचा. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले, यंत्रणा बंद. (२०२३ मध्ये परत सुरू झाली. मीच सांगतो, नाहीतर भाचा सांगेल.)

सौरविजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन आज महाग पडतो, मान्य. चीन कोळशापासून स्वस्तात करतो, तेही मान्य. पण एक किलो हायड्रोजनमागे १८-२० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तिकडे तो बहुतेक आकाशातच सोडतात. स्वस्त असणारच! अण्णांची भट्टीही पंख्याआधी स्वस्तच होती.

आणि बिल भरणार कोण? दाभोळचा एन्रॉनचा वीजप्रकल्प विसरलात? वीज घ्या नाहीतर घेऊ नका, पैसे मोजा. २००१ मध्ये प्रकल्प बंद, कंपनीचं दिवाळं, आणि निस्तरत बसलो आपण.

भट्टीची अर्धीच गोष्ट सांगितली. फवाऱ्यांचं ते काळं, तेलकट पाणी टाकायचं कुठे? अण्णांनी कातळात खड्डा मारला. मृगाचा पाऊस पडला आणि काकींच्या विहिरीवर तवंग आला. काकी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर दोन वर्षं अण्णा रोज पहाटे दोन हंडे त्यांच्या दारात नेऊन ठेवायचे. हे लिहिताना राग कुठे गेला कळलं नाही. माणूस वाईट नव्हता हो. धूर थांबवायचा एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

भाचा म्हणेल, आइसलंडमध्ये कार्बनचा बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, दगड होतो, आणि आपल्या जांभ्याखाली बेसॉल्टच आहे. बरोबर आहे पोराचं. पण तिथे एक टन वायू मुरवायला वीस-पंचवीस टन पाणी लागतं. आमच्या वाडीत एप्रिलला टँकर येतो.

आत्ताच त्याचा फोन येऊन गेला. "मामा, केम्परचं वाचलं," एवढंच म्हणाला. मग हळूच विचारलं, "तो खड्डा अजून आहे?"

आहे. रानमोडी माजलीय वर. मे महिन्यात ये, दाखवतो.