खुलासा : घोट्याला वजन बांधून किक नको

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘तायक्वांदोत किक जितकी जोरात, तितके गुण जास्त, मुलांच्या घोट्याला वजन बांधून सराव घ्या.’ हे चुकीचं आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही साधी किक धडावर लागली की २ गुण, डोक्यावर ३. छातीवरच्या गार्डमधले सेन्सर ठरलेला किमान जोर बघतात. त्याहून जादा ताकदीला जादा गुण नाहीत. उलट पाय झटक्यात सरळ होताना त्या वजनाचा ओढा गुडघ्यावर येतो. वाढत्या वयात तर नकोच. गोल किकमध्ये खरं काम जमिनीवरच्या पायाचं: तो पंजावर फिरून टाच लक्ष्याकडे वळली नाही, तर तोल जातो आणि नेमही. भिंत धरून सावकाश किक मारू द्या, पोरं कंटाळतील तरी. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.