सात रस्त्यावरचे सीआयडी

आमच्या गल्लीतले काका पावणेदोन वर्षांपासून बेपत्ता. चादरीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. पोलिसांना धागा सापडेना, पण सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावर केस रोज सुटते! एक म्हणतो, "सिद्धेश्वर तलावात बघा की." दुसरा, "कर्ज झालं असेल बे, पळाला हैदराबादला." तिसऱ्याला यात बाई दिसते (त्याला सगळ्यातच बाई दिसते). परवा एकाने काकूंनाच विचारलं, "अजून कुंकू लावता होय?" अरे, कायदासुद्धा माणसाला मेलेला धरायला 7 वर्षं थांबतो, तुला हाफ चहा संपेपर्यंत दम निघत नाही? काकू अजूनही रात्री दाराला आतून कडी लावत नाहीत. आणि ही मंडळी येताजाता त्याच दाराकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, "हेच ते घर."