थांबा, नवीन मॉडेल येऊन राहिलं!

गाडी घ्यायचं मनात आहे? उत्तम. मग पहिलं काम हे करा की घेऊ नका.

गैरसमज नको. घ्यायची तर आहेच, फक्त आत्ता नाही. आत्ता घेतात ते उतावळे, आणि उतावळ्यांचं काय होतं ते आपण रोज बघतोच. त्यांच्याकडे गाडी असते. तुमच्याकडे माहिती असेल.

हा सल्ला द्यायचा अधिकार मला असा, की मी २०१७पासून नवीन गाडी घेऊन राहिलो आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. हे आमचं क्रियापद फार सोयीचं आहे. 'घेतो' म्हटलं की पैसे काढावे लागतात, 'घेईन' म्हटलं की लोक तारीख विचारतात. 'घेऊन राहिलो' म्हटलं की काम चालूही असतं आणि कोणाला काही दाखवावंही लागत नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शेजारच्या काकांनी आणि मी एकाच रविवारी, एकाच शोरूममध्ये, एकच गाडी पाहिली. मंगळवारी काका पुन्हा गेले आणि पैसे भरून आले. तेही ऐन पितृपक्षात. का, तर म्हणे गर्दी नव्हती. रंग कुठला, तर जो तयार होता तो. चॉकलेटी. गाडी आली तशी टेकडीच्या गणपतीला नेली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि संध्याकाळी मला विचारतात, "तुम्ही कधी घेता?" मी नुसता हसलो. कारण सकाळीच तर्री पोह्याच्या गाडीवर मित्राने कानात सांगितलं होतं, "काहून घाई करून राहिला बे? फेसलिफ्ट येऊन राहिलं."

फेसलिफ्ट म्हणजे गाडी तीच, इंजिन तेच, पण पुढचे दिवे डोळे किलकिले केल्यासारखे बारीक होतात आणि आतला स्क्रीन दोन बोटं मोठा होतो. ते येण्याआधीची गाडी घेतली तर पुढची दहा वर्षं सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून आपल्याकडे करुणेने बघतो, असा माझा समज आहे. काकांकडे अजून कोणी तसं बघितलेलं नाही. पण काकांचं लक्ष नसतं.

वडिलांच्या पिढीला हा ताप नव्हता. अ‍ॅम्बॅसिडर २०१४ला बंद होईपर्यंत जवळपास त्याच चेहऱ्याने फिरली. 'पुढच्या वर्षी बदलेल' या आशेवर कोणी थांबला असता तर त्याची वर्षश्राद्धं झाली असती. आणि बजाजच्या स्कूटरसाठी वडील वर्षानुवर्षं थांबले, ते नंबर लागत नव्हता म्हणून. त्यांना कंपनीने थांबवलं. आपण स्वतःहून थांबतो. याला स्वातंत्र्य म्हणतात.

आता मुख्य शास्त्राकडे येऊ. कागद-पेन घ्या. स्विफ्ट भारतात २००५ला आली. तिची पुढची पिढी २०११ला, त्यापुढची २०१८ला, मग २०२४ला. म्हणजे एका मॉडेलचं आयुष्य सहा-सात वर्षांचं. यातलं पहिलं वर्ष सोडा, कारण पहिल्या लॉटची गाडी शहाणा माणूस घेत नाही. आधी लोकांना चालवू द्यावी, खराबी निघू द्यावी. शेवटची दोन वर्षं सोडा, कारण नवीन येऊन राहिलं. मधली तीन उरली. त्यातलं एक फेसलिफ्टच्या आधीचं, ते सोडा. एक फेसलिफ्टच्या नंतरचं, म्हणजे पुन्हा पहिला लॉट, तेही सोडा. उरलं एक वर्ष. त्यातून डिसेंबर आणि जानेवारी वगळा (का ते पुढे सांगतो). मार्चमध्ये बँकेतला साहेब इयर एंडिंगमध्ये असतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टेस्ट ड्राइव्ह घेतली तर सगळ्याच गाड्यांचा एसी वाईट वाटतो. पितृपक्ष वगळा. २०२६सारखं वर्ष असेल तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, तोही वगळा. शनिवारी लोखंड घेत नाहीत. रविवारी आरटीओ बंद. उरलेल्या दिवसांतून अमावास्या काढल्या की जो मुहूर्त हाती लागतो, नेमका त्याच दिवशी घरी पाहुणे येतात.

डिसेंबर-जानेवारीचं प्रकरण जरा खोल आहे. डिसेंबरात शोरूमवाल्याला जुन्या वर्षाचा माल संपवायचा असतो, उभ्या गाड्यांवर त्याचं व्याज चढत असतं, म्हणून सूट देतो. पण ती गाडी घरी आली की पंधरा दिवसांत कागदावर एक वर्ष जुनी. विकायला काढली की घेणारा आधी वर्षच विचारतो. बरं, जानेवारीत नव्या वर्षाची घ्यावी, तर कंपन्यांनी नेमाने भाव वाढवलेले असतात. तेव्हा डिसेंबरात जानेवारीची वाट बघावी आणि जानेवारीत डिसेंबरची. मी हे आठ वेळा केलंय. एकदाही नुकसान झालं नाही.

शोरूममध्ये मात्र जात राहायचं. त्यामुळे हात चालू राहतो. मागच्या खेपेला वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये मी थेट मागच्या यार्डातच गेलो. गाडीच्या बॉनेटवर धुळीत कोणीतरी बोटाने 'आरव' लिहून ठेवलं होतं. वायपरखाली कडुनिंबाची वाळलेली पानं. टायरच्या खाली गवत पिवळं पडलं होतं, म्हणजे आधी हिरवं होतं, म्हणजे गाडी पावसाळ्यापासून उभी. सीटवरचं प्लॅस्टिक कडकड वाजत होतं. मी दार उघडून खांबावरच्या पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारला आणि सतरा अक्षरांचा चेसिस नंबर वाचायला बसलो. त्यात बनावटीचं वर्ष आणि महिना दडलेला असतो, पण कुठलं अक्षर कशाचं, हे कंपनीगणिक बदलतं. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा तक्ता आहे. सेल्सवाला पोरगा हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"जूनची आहे," मी म्हणालो.

"सर, गाडी एकदम फ्रेश आहे."

"फेसलिफ्ट कधी?"

"आमच्याकडे तरी काही न्यूज नाही, सर."

हे वाक्य पाठ करून ठेवा. न्यूज नाही म्हणजे येऊन राहिलं. सूट वाढली म्हणजे येऊन राहिलं. पाण्याऐवजी चहा आला तर तीन महिन्यांत. चहासोबत बिस्किटं आली आणि मॅनेजर स्वतः 'फ्लोअर मॅट, मड फ्लॅप, एक्स्टेंडेड वॉरंटी आपल्याकडून' म्हणू लागला, तर नवीन गाडी कारखान्यातून निघून ट्रेलरवर चढलीये असं समजा आणि बिस्किटं खाऊन उठा.

सूट दुप्पट व्हायच्या आदल्या दिवशी घेणं हा मूर्खपणा, आणि माल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी जाणं हाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक अचूक क्षण असतो. तो मला एकदा जवळजवळ सापडला होता. ३१ मार्च २०२०नंतर बीएस-फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांत बसणारी गाडी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगून ठेवलं होतं. मार्च लागला आणि शोरूमवाले सूट वाढवत सुटले. बायको म्हणाली, "अहो, घेऊन टाका आता." मी म्हटलं, अजून पडेल. पाडव्याला उचलू, मुहूर्तही साधेल. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं. गुढी उभारली आणि गच्चीवरून काकांची चॉकलेटी गाडी बघत बसलो. तीही उभी, माझी जुनीही उभी. त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही दोघं अगदी बरोबरीत होतो.

मग २०२१ला चिपचा तुटवडा आला आणि शोरूमवालेच 'थांबा' म्हणायला लागले. तो माझ्या आयुष्यातला फार समाधानाचा काळ.

जानेवारी २०२२मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा निघाला. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आमचेच खासदार, तेव्हा नागपूरकरासाठी ही घरची बातमी. दोन एअरबॅगची गाडी आता कोण घेणार? थांबलो. तारीख ऑक्टोबर २०२२ होती, ती ऑक्टोबर २०२३ झाली, आणि ती यायच्या तोंडावर मंत्र्यांनी सांगितलं की सक्ती करणार नाही. दरम्यान कंपन्या आपणहून सहा-सहा एअरबॅग द्यायला लागल्या होत्या. आणि डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हा काका दोन एअरबॅगच्या गाडीने ५२० किलोमीटर जाऊन साईबाबांचा प्रसादही घेऊन आले. मी पेढा खाल्ला आणि त्यांना बनावटीच्या वर्षाची आठवण करून दिली.

पण थांबणाऱ्यालाही एकदा न्याय मिळाला, हे इतिहासाने नोंदवून ठेवावं. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. ३ सप्टेंबरला आकडे ठरले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, तो सरळ १८ टक्के. आठ लाखांच्या गाडीमागे ६८ हजार! आरटीओचा करही त्याच किमतीवर बसतो, म्हणजे तिथेही फायदा. लागू कधी, तर २२ सप्टेंबरला. घटस्थापना! आदल्या दिवशी पितृपक्ष संपलेला! सरकारने माझी वही वाचून तारीख काढली होती. ऑगस्टमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, म्हणजे इडा पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली तेव्हा 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीत मी मनातल्या मनात '२८ टक्के घेऊन जा' जोडून दिलं होतं. कॉलनीत लोक मला थांबवून सल्ला विचारू लागले. बायकोसुद्धा म्हणाली, "बरं झालं तुम्ही थांबलात." अशी दाद लग्नानंतर एवढीच.

२२ला सकाळी आंघोळ करून चेकबुक घेऊन शोरूममध्ये गेलो. तिथे बसायला खुर्ची नव्हती. मी एकटा थांबलो नव्हतो, अख्खं नागपूर थांबलेलं होतं. ज्या पोराने इतकी वर्षं दर महिन्याच्या पंचवीस तारखेला 'सर, ऑफर एकतीसपर्यंतच' म्हणून फोन केला, त्याने मला ओळखलं नाही. "टोकन घ्या, सर. डिलिव्हरी दिवाळीनंतर." आणि जुनी सूट? "ती बंद झाली. आता भावच कमी झाला नं." मी बाहेर आलो. चहा नाही, पाणी नाही. तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला, की नोव्हेंबरात नवी व्हेन्यू येऊन राहिली आणि सिएराही येऊन राहिली. चेकबुक खिशात ठेवलं. असा काही हलकेपणा वाटला म्हणून सांगू!

पुढच्याच महिन्यात माझ्या जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरली. २०१०ची आहे. डावी काच हाताने ओढली तरच वर जाते, आणि मेमध्ये एसी लावला की गाडी व्हेरायटी चौकातला सिग्नल सुटल्यावर विचार करून मग निघते. आरसीची, म्हणजे नोंदणीची मुदत संपली म्हणून आरटीओत ती वाढवायचा फॉर्म २५ भरला, ५ हजार फी भरली, पर्यावरण कर वेगळा. निरीक्षकांसाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप काढला. सवयीने त्यातही महिना शोधला. गाडी पास झाली. आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. पाच वर्षं म्हणजे निदान एक पूर्ण फेसलिफ्ट आणि जमलं तर नवी पिढीसुद्धा. अशी निवांत मुदत बँकसुद्धा देत नाही.

आरटीओतून घरी आलो तर काका फाटकाशीच उभे. हातात पेढ्यांचा डबा. त्यांनी नवीन गाडी बुक केली होती. रंग विचारला, तर म्हणे जो येईल तो.

"आता ही जुनी काढायची," चॉकलेटी गाडीवर हात ठेवत काका म्हणाले. "तुम्हीच घ्या नं. तुम्हाला तेव्हापासून आवडत होती. सगळी सर्व्हिसिंग वेळेवर, एक ओरखडा नाही. घरच्या घरात राहील."

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडलं. खांबावरच्या पट्टीवर टॉर्च मारला.

"काका," मी म्हणालो, "तीन-चार महिने काढू नका. हिचं नवीन मॉडेल येऊन राहिलं. ते आलं की जुन्याचा भाव अजून पडते. मग बघू."