राणीची बाग आधी झाडांची आहे

रविवारी भाचीला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. रांग लावून पेंग्विन बघून झाले आणि बाहेर येताच ती म्हणाली, "मावशी, संपलं ना सगळं?" आम्ही तेव्हा फुललेल्या उर्वशीच्या झाडाजवळ उभ्या होतो. लांब देठांवर लोंबणारी लाल फुलं, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका. मूळची ब्रह्मदेशातली. आणि तिच्याकडे कुणी मान वर करून बघतही नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

राणीची बाग म्हणजे प्राणी, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. पण ही बाग जन्मली ती वनस्पतींसाठी. पश्चिम हिंदुस्थानातल्या शेती-बागायतीला वाहिलेल्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. तिथे १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमी झाली. त्याआधीच भायखळ्याची नवी बाग उभी राहिली होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीने तिचं उद्घाटन केलं. १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. प्राणी नंतरचे.

आज इथे तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, वास दूरवर जातो. आजूबाजूला गिरण्या आल्या, बंद पडल्या, टॉवर उभे राहिले. या पन्नासेक एकरांत मात्र दुपारीही सावली मिळते. लालबाग-भायखळ्याच्या चाळींतल्या कितीतरी पिढ्यांनी पहिलं 'जंगल' पाहिलं ते इथेच.

२००७ च्या सुमारास इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायची योजना आली, तेव्हा झाडं वाचवायला काही मुंबईकर त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, बैठका घेतल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आज जी सावली आपण खातो, तिच्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट शाळेच्या सहलीत मुलांना सांगायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

माझा पेंग्विनवर राग नाही. पोरांना आनंद होतो, होऊ दे. पण तिकीटखिडकीशेजारी एक साधा फळा हवा: आज बागेत काय फुललंय, कुठल्या वाटेवर, मराठी नावानिशी. खडूने लिहिला तरी चालेल.

परतताना भाचीने उर्वशीची दोन गळलेली फुलं उचलली. घरी येऊन तिने ती वहीत दाबून ठेवली आहेत.