कोंबडा कुठे गेला? सिंहगड रोडच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी राग आला, मग हसू आलं, मग माझाच लेख पुन्हा काढून वाचला तर निम्मी चूक माझी निघाली. म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी इथे सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममधल्या कोंबड्यांवर मी लिहिलं होतं. ताईंचं म्हणणं असं, की पिल्लू तीन दिवसांत निघतं असं मी लिहिलं, त्यांच्या मुलाचं सहाव्या दिवशी निघालं. आयती कोंबडी विकत मिळत असताना इनक्युबेटरची (अंडी उबवायच्या यंत्राची) भानगड हवीच कशाला, हा दुसरा प्रश्न. आणि खरा राग तिसऱ्या गोष्टीचा: "गेममध्ये कोंबडा लागत नाही" एवढं एक वाक्य टाकून मी पुढे सटकलो. ते वाचून चिरंजीवांनी फ्रिजमधलं अंडं टेबल लॅम्पखाली ठेवलं, आणि आज त्याला नववा दिवस आहे.

दिवसांचा हिशेब तुमचाच बरोबर. इनक्युबेटर मुळात दिवस मोजत नाही, मिनिटं मोजतो. कोंबडीच्या अंड्याला गेममधली ९,००० मिनिटं लागतात आणि रात्रीची झोप धरून तिथला एक दिवस साधारण १,६०० मिनिटांचा पडतो. म्हणजे साडेपाच दिवस. मग मला तीन का दिसले? गेममधला माझा शेतकरी शेतीच्या दहाव्या पातळीवर 'कूपमास्टर' (म्हणजे खुराड्याचा उस्ताद) झालाय, आणि त्याला उबवणीचा वेळ निम्मा लागतो. हे मी साफ विसरलो. घरात स्वतःची बोअरवेल असलेल्या माणसाने शेजाऱ्याला "पाण्याचं काय एवढं?" म्हणावं, तसं झालं. लेखात दुरुस्ती केली आहे. (खुराड्यात जागा नसेल तर वेळ पूर्ण होऊनही पिल्लू बाहेर येत नाही, हेही आता घातलंय.)

पैशांचं मात्र अर्धंच मान्य. गेममध्ये जनावरं विकणाऱ्या मार्नीकडे कोंबडी ८०० नाण्यांना मिळते आणि साधं अंडं विकलं तर ५० येतात. म्हणजे अंडं उबवलं की दर कोंबडीमागे ७५० वाचले. पण इनक्युबेटर मोठ्या खुराड्यातच मिळतो, आणि त्या वाढीव बांधकामाला गेममधली सुतारीण रॉबिन १०,००० नाणी, ४०० लाकडं आणि १५० दगड घेते. नुसते १०,००० वसूल व्हायला तेरा-चौदा कोंबड्या उबवाव्या लागतील, आणि त्या खुराड्यात मावतात आठ! तेव्हा केवळ बचतीसाठी हा उद्योग करू नये, इथे तुम्ही मला पकडलंत. पण चारऐवजी आठ कोंबड्यांची जागा होते, बदकं पाळता येतात, तपकिरी अंडं ठेवलं तर तपकिरीच कोंबडी मिळते. आणि ती लाल डोळ्यांची काळी 'व्हॉइड' कोंबडी तर मार्नीकडे मिळतच नाही, तिचं अंडंच उबवावं लागतं. त्या कोंबडीपायी मी दहा हजार आनंदाने घातले. हौसेला मोल नसतं, आपल्याकडे चितळ्यांच्या दुकानासमोरची रांग पाहिलीत तर कळेल.

आता कोंबडा. हो, गेममध्ये कोंबडा नाहीच. सगळ्या माद्या, रोज अंडं देणार, कोणतंही अंडं इनक्युबेटरमध्ये ठेवा, पिल्लू निघणार, तीन रात्रींत मोठं होणार. गोठ्यातही तेच: बैल कुठे दिसत नाही आणि सकाळी उठावं तर वासरू झालेलं. हे मुलाला एका ओळीत सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ही चूक कबूल. पण नशीब समजा की मी 'माइनक्राफ्ट' या दुसऱ्या गेमवर लिहिलं नाही. तिथे दोन कोंबड्यांना बिया खाऊ घातल्या की अंड्याबिंड्याशिवाय थेट पिल्लू उभं राहतं, आणि अंड्यातून पिल्लू हवं असेल तर ते फेकून मारावं लागतं. आठांत एकदा निघतं. तुमच्या हॉलच्या भिंतींचा विचार करून अंगावर काटा आला.

मला स्वतःला मात्र कोंबडा नसण्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते, आणि ती तुमच्याही प्रतिक्रियेत नव्हती. गेममध्ये खुडूक कोंबडी नाही.

माझी आजी भोरकडची. तिच्या दारात पाच-सहा गावरान कोंबड्या असायच्या. एखादी काही दिवस अंडी द्यायची आणि मग एक दिवस अचानक बंद. कोपऱ्यात बसून राहायची, पिसं फुलवायची, हात जवळ नेला की गुरगुरून टोचायची. आजी म्हणायची, "झाली खुडूक." मग टोपलीत भुसा, त्यावर अकरा अंडी, त्यावर ती बाई. एकवीस दिवस. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठायची, घाईघाईने काम उरकून परत जागेवर. बसल्या बसल्या चोचीने अंडी फिरवत राहायची. ती का, हे मला फार नंतर समजलं: अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. यंत्रातही म्हणूनच अंडी दिवसातून अनेकदा फिरवतात आणि अठराव्या दिवसानंतर थांबवतात, कारण तोवर पिल्लू बाहेर यायच्या बेतात वळलेलं असतं. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे. तिथली मोठाली यंत्रं काय किंवा गेममधली ती पेटी काय, शेवटी खुडूक कोंबडीचीच नक्कल. गेमने पेटी ठेवली आणि बाई काढून टाकली. मला विचाराल तर कोंबडा गाळण्यापेक्षा हे जास्त वाईट, कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं थांबवते ते याच कामासाठी, आणि गेममधली कोंबडी कधी थांबतच नाही.

तर, लॅम्पखालचं अंडं. त्यातून काही निघणार नाही ताई, आणि त्यात मुलाचा दोष शून्य. अंडं द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, अंडं फळायला लागतो. दुकानात येणारी अंडी ज्या फार्मवरून येतात तिथे नुसत्या माद्याच असतात, म्हणजे ते अंडं पहिल्यापासून निर्बीज. मंडईतलं गावरान अंडं फळलेलं असू शकतं. कोंबड्याशी एकदा जोडी लागली की कोंबडी पुढे दहा-बारा दिवस फळलेली अंडी देऊ शकते. पण तसं अंडंही आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलं तर अवघडच. शिवाय उबेला साधारण साडेसदतीस अंश तापमान लागतं, तेही रात्रंदिवस. लॅम्पची ऊब एकाच बाजूने लागते, अंडं कोरडं पडतं, आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते तशी तुमच्याकडेही जात असणारच.

पण लगेच टाकू नका. आज रात्री खोलीत अंधार करा आणि मुलाला अंडं मोबाइलच्या टॉर्चवर अलगद धरायला सांगा, जाड बाजू खाली. आजी हेच कंदिलासमोर करायची. नवव्या दिवशी फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक हलणारा काळा ठिपका दिसतो. तुमचं अंडं आरपार पिवळसर दिसेल. मुलाला त्याचं त्याला दिसू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

पाहून झालं की अंडं न फोडता दोन थर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सकाळी ओल्या कचऱ्यात द्या, कचरा नेणाऱ्या ताईंना आधी सांगून. नऊ दिवस उबेत राहिलेलं अंडं पिशवीत फुटलं तर त्या तुमचं नाव लक्षात ठेवतील. आणि लॅम्प आजच बंद करा.