शहाणी म्हणजे गप्प बसणारी नव्हे

‘जास्त शहाणपणा करू नकोस.’ घरात असो, वर्गात असो, जो प्रश्न विचारतो त्याच्या वाट्याला हे वाक्य येतंच. मला या वाक्याचा मनापासून राग येतो.

शहाणा हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’वरून प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे आला. हिंदीतला सयाना, गुजरातीतला शाणो ही त्याचीच भावंडं. मूळचा सज्ञानही कुठे गेला नाही, तो कचेरीत जाऊन बसला. १८ वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसापाशी ‘अ.पा.क.’ लिहितात ना, तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्याचा पालक. थोडक्यात, ज्याला कळतं, ज्याला आपलं बरंवाईट ठरवता येतं, तो शहाणा. मुलगी वयात आली की जुन्या बायका ‘शहाणी झाली’ म्हणायच्या, तेही यातूनच.

आणि शहाणी झालेल्या त्याच मुलीला काय सांगायचे? इथे बसू नकोस, तिथे शिवू नकोस, का म्हणून विचारू नकोस, शहाण्या मुली असं करत नाहीत! जिला कळतं ती शहाणी, हा अर्थ पुसून जी ऐकते ती शहाणी, असं आपण करून टाकलं. न रडता वाटीभर मऊभात संपवणाऱ्या बाळाला ‘शहाणं गं माझं ते’ म्हणावं, त्यात माया आहे. पण मोठ्या माणसालाही तेच माप लावायचं?

शहाणपण देवाकडे मागायचं आणि शहाणपणा दिसला की ठेचायचा. फरक एका कान्याचा.

पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवा. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे पूर्ण, नाना फडणवीस अर्धे. नानांकडे मुत्सद्देगिरी होती पण तलवार नव्हती, असं कारण सांगतात. यातले विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनला मराठ्यांविरुद्धच्या लढाईत पडले. शत्रूच्या दिवाणालाही आपल्या लोकांनी शहाणा म्हटलं, एवढी त्या शब्दाची किंमत होती.

आज वडिलांच्या सातबाऱ्यावर माझं नाव का नाही, असं विचारणाऱ्या लेकीला ‘फार शहाणी झालीस’ ऐकवतात. हो, झालीच आहे. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी २००५ ची कायदादुरुस्ती तिला माहीत आहे. तिला टोमणा नको, उत्तर द्या.